इफ्लीचं नॉर्मन चर्च: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑक्सफर्डला शिकायला किंवा नोकरीला आलेली मराठी मंडळी, त्यांना भेटायला आलेले आईवडील आणि कधीकधी नुसते फोटो पाहून कुतूहल वाटलेले लोक जे प्रश्न पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे प्रश्न आधी, किचकट नंतर. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. इफ्ली नेमकं कुठे आहे? इंग्लंडात हजारो चर्च आहेत, मग याचंच एवढं कौतुक का?

ऑक्सफर्डच्या मध्यभागापासून दक्षिणेला साधारण दोन मैलांवर, थेम्सच्या काठी. एकेकाळी स्वतंत्र गाव होतं, आता शहराच्या पोटात आलंय. रॉजर बॅनिस्टर १९५४ मध्ये चार मिनिटांच्या आत एक मैल धावला ते मैदान इफ्ली रोडवर आहे, म्हणून नाव ऐकल्यासारखं वाटतं. चर्च मात्र तिथून बरंच पुढे. बसने येता येतं, पण नदीकाठच्या पायवाटेने चालत या. इफ्लीच्या लॉकपाशी, म्हणजे बोटींना नदीच्या एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणाऱ्या दरवाजांपाशी, पाणी ओलांडून चढ चढलात की समोर बसका चौकोनी मनोरा दिसतो. नदीवर पूर्वी गिरणी होती, चित्रकारांची फार लाडकी. ती १९०८ मध्ये जळाली.

कौतुक अशासाठी की बाराव्या शतकातलं गावचर्च एवढं नक्षीदार आणि एवढं सलग क्वचित उरलंय. बहुतेक नॉर्मन चर्चच्या भिंती पुढच्या पिढ्यांनी पाडल्या, रुंदावल्या, बाजूला दालनं काढली. इफ्लीला बाजूची दालनं नाहीतच. लोकांनी बसायचं लांबट सभागृह, मग मनोरा, मग वेदीचा भाग, असं सगळं एका ओळीत. वेदीकडची वाढ सोडली (प्रश्न ९) तर मूळचा आराखडा तसाच राहिलाय.

२. गावचर्च म्हणजे काय? कॅथीड्रलपेक्षा वेगळं कसं?

इथे ज्याला पॅरिश म्हणतात त्याला वसईकडचे ख्रिस्ती लोक मराठीत धर्मग्राम म्हणतात. शब्द नेमका आहे. एका ठरलेल्या हद्दीतल्या लोकांचं चर्च: बाप्तिस्मा, लग्न, अंत्यविधी, सगळं तिथेच. कॅथीड्रल बिशपचं असतं. गावचर्चला राजाचा खजिना किंवा बिशपची तिजोरी मिळत नसे. इफ्लीला एक श्रीमंत घराणं मिळालं, त्याबद्दल प्रश्न ५ मध्ये.

३. नॉर्मन राजे तर ११५४ मध्ये संपले. मग त्यानंतर बांधलेल्या चर्चला नॉर्मन का म्हणायचं?

रास्त शंका आहे. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं, आणि ११५४ मध्ये स्टीफन राजा गेल्यावर प्लँटॅजेनेट घराणं आलं. पण गवंडी आणि पाथरवट राजा बदलला म्हणून छिन्नी बदलत नाहीत. इफ्लीचं चर्च साधारण ११६० ते ११८० या काळातलं, म्हणजे दुसऱ्या हेन्रीच्या राज्यातलं.

शिवाय नॉर्मन हे शैलीचं नाव फार नंतरचं. इंग्लिश चर्चच्या शैलींना नॉर्मन, अर्ली इंग्लिश, डेकोरेटेड आणि पर्पेंडिक्युलर ही ओळखीची लेबलं थॉमस रिकमन यांनी १८१७ मध्ये लावली. युरोपात याच शैलीला रोमनेस्क म्हणतात. ज्यांनी बांधलं त्यांना आपण ‘नॉर्मन शैलीत’ बांधतोय याचा पत्ताही नसणार.

४. गोल कमान दिसली की नॉर्मन समजायचं ना?

बहुतेक वेळा चालतं, पण तीन ठिकाणी फसगत होते. विजयाच्या आधीची सॅक्सन चर्चही गोल कमानीचीच. दुसरं, १८४० च्या आसपास नॉर्मन धर्तीवर नवी चर्च बांधायची टूमच निघाली होती. त्यांच्या नक्षीच्या कडा ब्लेडसारख्या धारदार असतात, त्यावरून संशय घ्यावा. तिसरी फसगत उलट्या बाजूची: १०९३ मध्ये सुरू झालेल्या डरहॅम कॅथीड्रलच्या छतात टोकदार कमानी आहेत, आणि ते तर नॉर्मन वास्तुकलेचं शिखर मानलं जातं.

कमानीबरोबर भिंतीची जाडी, खिडक्यांचा लहानपणा आणि नागमोडी नक्षी पाहा. इफ्लीत ती दातेरी नागमोड दारांवर, खिडक्यांवर, मनोऱ्याखालच्या कमानींवर आणि वेदीवरच्या छताच्या फासळ्यांवरही आहे. काही जण म्हणतात जरा जास्तच आहे. मलाही पहिल्या भेटीत तसंच वाटलं होतं.

५. बांधलं कोणी? तारीख कुठे कोरलेली आहे का?

कोरलेली नाही. सेंट रेमी नावाच्या नॉर्मन वंशाच्या घराण्याकडे तेव्हा इफ्लीची जहागीर होती, आणि बांधकामाचं श्रेय त्यांना दिलं जातं. याच घराण्यातल्या जुलियानाने हे चर्च शतक संपायच्या आत केनिलवर्थच्या ऑगस्टिनियन मठाला दान केलं. दान द्यायचं तर वस्तू आधी तयार हवी, त्यामुळे नंतरची मर्यादा कळते. आधीची मर्यादा नक्षीच्या धाटणीवरून काढतात. म्हणून पुस्तकांत दहा-पंधरा वर्षांचा फरक दिसतो. त्यात कोणी चुकलंय असं नाही.

कारागिरांची नावं कुठेच नाहीत.

६. पश्चिमेच्या मुख्य दारावर राशी कोरल्या आहेत असं वाचलं. चर्चवर राशी कशा?

आहेत. सगळ्यात बाहेरच्या कमानीवर गोल पदकांची माळ आहे, तिच्यात राशिचक्रातली चिन्हं आणि चार शुभवर्तमानकारांची, म्हणजे बायबलमध्ये येशूचं चरित्र सांगणाऱ्या चौघांची, प्रतीकं आहेत: माणूस, सिंह, बैल आणि गरुड. काही पदकं इतकी झिजलीत की ओळखायला डोकं खाजवावं लागतं.

मध्ययुगीन ख्रिस्ती माणसाला राशी म्हणजे वर्षाचं घड्याळ. पेरणी, कापणी, उपवास, सण हे सगळं त्या चक्रावर बसतं, आणि काळ देवानेच घडवला म्हटल्यावर तो देवाच्या दारावर शोभतो. भविष्य सांगण्याकडे मात्र चर्च नाक मुरडत असे. बरं, मेष-वृषभ-मिथुन ही आपली आणि त्यांची चिन्हं सारखी असणं हा योगायोग नाही. बाबिलोन आणि ग्रीकांकडून ती एका वाटेने युरोपात गेली आणि दुसऱ्या वाटेने भारतात आली. त्यामुळे या दाराखाली आजी-आजोबांना उभं केलं की मला काही सांगावंच लागत नाही. मासे दिसले की ‘मीन!’ म्हणून तेच ओरडतात.

७. त्याच दारावर ओळीने पक्ष्यांची डोकी का?

इंग्रजीत त्यांना बीकहेड म्हणतात. कमानीला दगडाची गोल दांडी असते, आणि एकेक डोकं तिच्यावर चोच टेकवून बसलेलं असतं, दांडी चोचीत गच्च धरल्यासारखं. काही पक्षी, काही धड पक्षी नाही की जनावर नाही. ही नक्षी इंग्लंडात ११२० नंतर दिसू लागते. ११२१ मध्ये स्थापन झालेल्या रीडिंगच्या मठातले असे दगड सापडले आहेत. त्या हिशोबाने इफ्लीचे पक्षी उशिरा उडालेले.

अर्थ? सैतान, दुष्ट शक्तींना पळवणं, नॉर्स संस्कार असे बरेच तर्क आहेत, आणि एकालाही समकालीन लिखित आधार नाही. मला वाटतं पाथरवटाला ती मजेदार वाटली, यजमानाला आवडली, हेही कारण पुरेसं असू शकतं.

८. दक्षिणेचं दार इतकं कोरं करकरीत दिसतं. ते नंतर बसवलंय का?

नाही, तेही बाराव्या शतकातलंच. उत्तर अगदी साधं आहे: त्याच्यावर पडवी होती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती काढेपर्यंत पाऊस आणि गारठा नक्षीपर्यंत पोचलाच नाही. म्हणून सिंहाशी झुंजणारा बायबलमधला सॅमसन, लढणारे घोडेस्वार आणि दगडी फुलं आजही बोटाने चाचपता येतील अशी उठावदार आहेत. (चाचपू नका. हाताचं तेल आणि घाम दगडाला चांगला नाही.)

पश्चिमेचं दार आणि हे दार एकापाठोपाठ पाहा. दोन्हींचं वय तेच. फरक फक्त डोक्यावरच्या छपराचा.

९. आत पुढचा भाग गोल कमानीचा आणि वेदीजवळ टोकदार खिडक्या, असं का?

वेदीचा भाग तेराव्या शतकात पूर्वेकडे वाढवला. तोवर टोकदार कमानीचा जमाना आला होता. मनोऱ्याखाली उभं राहून पूर्वेकडे पाहिलंत की आधी नागमोडी फासळ्यांचं जड नॉर्मन छत आणि त्याच्या मागे हलकं, निमुळतं अर्ली इंग्लिश काम दिसतं. सांधा उघड आहे. तो झाकायचा प्रयत्नही कोणी केलेला नाही.

वेदीचाच भाग वाढला आणि बाकीचं तसंच राहिलं, याच्यामागे खर्चाची वाटणीही असते. वेदीकडचा भाग रेक्टरने, म्हणजे चर्चचं उत्पन्न ज्याच्याकडे जातं त्याने, सांभाळायचा आणि लोक बसतात तो भाग गावकऱ्यांनी, असा इंग्लंडचा जुना रिवाज. इफ्लीचं रेक्टरपद आधी केनिलवर्थच्या मठाकडे होतं आणि तेराव्या शतकातच ते ऑक्सफर्डच्या आर्चडीकनकडे (बिशपच्या हाताखालचा वरिष्ठ धर्मगुरू) गेलं. वाटणीचं हे शेपूट एकविसाव्या शतकापर्यंत कसं वळवळत आलं ते प्रश्न १७ मध्ये.

१०. भिंतीला लागून एका बाईने स्वतःला कोंडून घेतलं होतं, ही दंतकथा की खरं?

खरं, आणि तिचं नावही माहीत आहे: अ‍ॅनोरा. १२३२ पासून १२४१ पर्यंत ती चर्चच्या दक्षिण बाजूला वेदीच्या भागाला लागून असलेल्या कोठडीत राहिली. कोठडी आता नाही. बाहेरून भिंतीत बुजवलेली कमान दिसते, ती तिथलीच असावी असं मानतात.

अशी एकांतवासी बाई म्हणजे जोगीण नव्हे आणि मठातली ननही नव्हे. बिशपच्या परवानगीने ती एका खोलीत शिरायची, आणि पुन्हा बाहेर पडायचं नाही असं व्रत घ्यायची. काही ठिकाणी प्रवेशाच्या वेळी मृतांसाठीच्या प्रार्थना म्हणत, कारण जगाच्या लेखी ती आता मेलेली. एक झरोका चर्चच्या आत उघडणारा, वेदी दिसावी म्हणून, आणि एक बाहेर, जेवण घेण्यासाठी आणि सल्ला विचारायला आलेल्यांसाठी. त्या काळात अशा स्त्रियांसाठी लिहिलेल्या एका इंग्रजी मार्गदर्शिकेत मांजर सोडून दुसरं जनावर पाळू नका असं बजावलंय. गाय पाळली तर तिच्यामागे गावभर भांडत हिंडावं लागेल, ही काळजी.

अ‍ॅनोरा कोणी साधी बाई नव्हती. विल्यम द ब्रोज हा जॉन राजाचा बडा सरदार, त्याची ही मुलगी. राजाची मर्जी फिरली, विल्यम परागंदा झाला, आणि १२१० मध्ये अ‍ॅनोराची आई मटिल्डा आणि थोरला भाऊ राजाच्या कैदेत उपासमारीने मेले. पुढे नवरा ह्यू द मॉर्टिमर १२२७ मध्ये वारला आणि पाच वर्षांनी ती इफ्लीला आली. बहीण लॉरेटा त्याआधीच कँटरबरीजवळ अशीच कोठडीत बसलेली. एका घरातल्या दोन बहिणी. आणि इफ्लीच्या कोठडीत अ‍ॅनोराला जळाऊ लाकूड आणि कपडे कोण पाठवत होतं? तिसरा हेन्री. जॉनचा मुलगा. राजाच्या हिशोबवह्यांत या नोंदी आहेत, म्हणूनच तर तिच्याबद्दल एवढं कळतं.

वेदीचा भाग वाढवायला तिचा पैसा लागला असावा असा काहींचा अंदाज आहे. काळ जुळतो, यापलीकडे पुरावा नाही.

११. पश्चिमेची ती सुंदर गोल खिडकी नॉर्मनच ना?

नाही. इथे बहुतेक सगळे फसतात. ती १८५६ मध्ये वास्तुविशारद जॉन चेसेल बकलर यांनी बसवली.

गोष्ट अशी. मूळ बांधकामात तिथे गोल खिडकी होती. पंधराव्या शतकात उजेड कमी पडतो म्हणून असेल किंवा फॅशन म्हणून, ती फोडून उंच, उभ्या दगडी पट्ट्यांची पर्पेंडिक्युलर खिडकी घातली. जुन्या गोलाच्या खुणा मात्र आजूबाजूच्या दगडात उरल्या होत्या. बकलर यांनी त्यांवरून वर्तुळ आखलं, पंधराव्या शतकाची खिडकी काढली आणि नवी नॉर्मन खिडकी घडवली. त्यांच्याही आधी, १८२३ मध्ये, रॉबर्ट ब्लिस यांनी वरचा त्रिकोणी माथा नव्याने बांधला होता. म्हणजे पोस्टकार्डावर जो दर्शनी भाग ‘आठशे वर्षांपूर्वीचा’ म्हणून छापतात, त्याचं दार बाराव्या शतकाचं आणि दाराच्या वरचा बराच मामला एकोणिसाव्या.

१२. मग हे जीर्णोद्धार म्हणायचं की खोटेपणा?

वाद इथेच आहे आणि तो मिटलेला नाही. बकलर यांच्या बाजूने एवढं म्हणता येईल की त्यांनी हवेतून काही काढलं नाही, भिंतीतल्या पुराव्यावर काम केलं. त्यांच्या पिढीतल्या कित्येकांनी एवढंही केलं नाही. केंटमधल्या बारफ्रेस्टनचं छोटं नॉर्मन चर्च १८४० च्या सुमारास मोठ्या प्रमाणात उतरवून पुन्हा रचलं गेलं. कित्येक गावांत तर वास्तुविशारदाला तेरावं शतक आवडतं म्हणून चौदावं-पंधरावं साफ पुसलं गेलं.

पण इफ्लीची काढून टाकलेली खिडकी चारशे वर्षांची अस्सल होती, आणि तिच्या जागी आलेली त्या दिवशी घडवलेली. चर्च ‘मूळ’ रूपात न्यायचं तर मूळ कोणतं? ११७० चं? मग तेराव्या शतकात वाढवलेला वेदीचा भाग पाडणार का? तो तर कोणी पाडला नाही. म्हणजे आवडीनिवडीचाच प्रश्न झाला. खिडकी देखणी आहे, यात शंका नाही. पण ती बसवली नसती तर बरं झालं असतं, असं माझं मत आहे.

ऑक्सफर्डमध्येच शिकलेले कवी आणि कलाकार विल्यम मॉरिस या प्रकाराने इतके संतापले की त्यांनी १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी सोसायटी काढली. ठिणगी पडली ट्यूक्सबरीच्या नॉर्मन चर्चच्या नियोजित ‘उद्धाराने’. त्याआधीच्या वर्षी जवळच्याच बरफर्डच्या चर्चमध्ये चाललेलं खरवडकाम त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी हरकत घेतली तेव्हा तिथल्या व्हिकारनी, म्हणजे धर्मगुरूंनी, ‘चर्च माझं आहे, वाटलं तर मी इथे डोक्यावर उभा राहीन’ असं ऐकवलं, असं सांगतात. सोसायटीचं टोपणनाव पडलं ‘अँटी-स्क्रेप’, खरवडविरोधी. तिचं म्हणणं थोडक्यात असं: रोजची डागडुजी करा, कोसळणारं सावरा, पण गेलेलं परत आणल्याचं सोंग करू नका. हाच विचार पुढे भारतातही आला. जॉन मार्शल यांनी भारतीय पुरातत्त्व खात्यासाठी १९२३ मध्ये जी नियमपुस्तिका काढली, तिच्यात कल्पनेने पुनर्रचना करण्याला असाच विरोध आहे. आपल्याकडे एखाद्या किल्ल्याचा बुरूज ‘नव्यासारखा’ झाला की जी हळहळ उठते, ती या वादाचीच सख्खी बहीण.

१३. आतल्या भिंती उघड्या दगडाच्या किती छान दिसतात. तशाच ठेवल्या असतील ना तेव्हा?

अजिबात नाही. मध्ययुगात अनगड दगडाची भिंत उघडी ठेवणं म्हणजे गिलाव्याविना घर सोडणं. आतून चुन्याचा गिलावा, त्यावर सफेदी, त्यावर रंगीत चित्रं, आणि कोरीव दगडालाही बहुधा रंग. उघडा दगड ‘प्रामाणिक’ वाटतो ही एकोणिसाव्या शतकाची आवड, आणि इंग्लंडभर त्या आवडीपायी जो गिलावा खरवडला गेला त्याबरोबर कित्येक भित्तिचित्रं कायमची गेली. प्रश्न १२ मधल्या टोपणनावात ‘खरवड’ आली ती यामुळेच.

१४. दगड झिजलाय, सांधे उघडे पडलेत. सिमेंट का भरत नाहीत? मजबूत नाही का होणार?

विसाव्या शतकात अनेक चर्चमध्ये भरलंच, आणि आता ते काढायला पैसे मोजताहेत. जुनी भिंत ओल शोषते आणि दरजांमधल्या चुन्यातून ती बाहेर सोडते. चुना दगडापेक्षा मऊ असतो, म्हणून झीज त्याची होते. पन्नास-शंभर वर्षांनी दरजा पुन्हा भरल्या की झालं. सिमेंट कडक आणि बंदिस्त. पाणी दरजेतून निघेना म्हणून ते दगडातून वाट काढतं, क्षार पृष्ठभागापाशी साठतात, हिवाळ्यात पाणी गोठून फुगतं, आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. काही वर्षांनी सिमेंटची जाळी शाबूत आणि मधला दगड आत गेलेला, असं उलटं चित्र दिसतं. मधमाशांच्या पोळ्यासारखं.

कोकणात किंवा देशावर ज्यांनी चुन्याच्या घाणीवर बैल फिरताना पाहिलेत, त्यांना हे समजवावं लागत नाही. तरुण इंजिनियरांना लागतं.

१५. मग झिजलेली शिल्पं पुन्हा कोरून का घेत नाहीत? पाथरवट तर आजही आहेत.

आहेत, आणि उत्तम आहेत. पण झिजलेल्या पक्ष्याचा चेहरा कसा होता हे त्यांनाही माहीत नाही. ते कोरतील तो त्यांचा पक्षी. इमारत उभी राहायला लागणारा दगड बदलतात, कारण तो कोसळला तर वरचं सगळं येईल. शिल्पाला शक्यतो हात लावत नाहीत. धूळ आणि काजळी जपून काढतात, भेगा चुन्याने बुजवतात, वरून पाणी ठिबकत असेल तर ते वळवतात. खरं तर पन्हळी आणि परनाळ वेळच्या वेळी साफ करणं हा चर्च वाचवण्याचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कंटाळवाणा उपाय आहे.

१६. जुन्याला हात लावू नये म्हणता, मग आत विसाव्या-एकविसाव्या शतकातल्या रंगीत काचा कशा चालतात?

कारण त्या जुन्याचं सोंग घेत नाहीत. बकलर यांची खिडकी ‘मी बाराव्या शतकातली’ म्हणते, चित्रकार जॉन पायपर यांची खिडकी तसं म्हणत नाही.

पायपर यांनी ती १९८२ मध्ये रेखाटली, आणि त्यांच्या मृत्यूनंतर पत्नीने ती भेट दिल्यावर १९९५ मध्ये इथे बसली. ख्रिस्तजन्माची बातमी प्राणी एकमेकांना सांगताहेत, तीही लॅटिनमध्ये, आणि गंमत आवाजांत आहे. कोंबडा आरवतो: ‘ख्रिस्तुस नातुस एस्त’, ख्रिस्त जन्मला. हंसी विचारते: ‘क्वांदो? क्वांदो?’, कधी? कावळा: ‘इन हाक नोक्ते’, याच रात्री. घुबड घुमतं: ‘उबी? उबी?’, कुठे? आणि कोकरू ‘बेऽऽथलेहेम!’ लॅटिनचा गंध नसलेल्या चार वर्षांच्या पोरालाही हे एका दमात कळतं. समोरच्या भिंतीत रॉजर वॅग्नर यांची २०१२ मधली खिडकी आहे, बहरलेलं झाड क्रूस झालेलं. दुपारच्या उन्हात दोन्ही पाहाव्यात.

१७. दुरुस्तीचा पैसा सरकार देतं का? चर्च ऑफ इंग्लंड तर सरकारी धर्मसंस्था आहे ना?

राजा तिचा प्रमुख असला तरी गावचर्चचं बिल गावचर्चनेच भरायचं असतं. देणग्या, मृत्युपत्रातली दानं, उन्हाळी जत्रा, केकविक्री, आणि मोठ्या कामाला नॅशनल लॉटरीच्या वारसा निधीसारखं अनुदान मिळालं तर.

एक विचित्र अपवाद आहे, प्रश्न ९ मधला. वेदीच्या भागाचा खर्च रेक्टरचा. मठ बरखास्त झाल्यावर त्यांच्या जमिनी खासगी हातांत गेल्या आणि काही ठिकाणी जमिनीबरोबर ही जबाबदारीही गेली. शतकांनंतर शेत विकत घेणाऱ्याला चर्चच्या छपराचं बिल येऊ शकतं! वॉरिकशायरमधल्या ॲस्टन कँटलोच्या खटल्यात २००३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ते बिल वैध ठरवलं. ऑक्टोबर २०१३ नंतर जमीन मोल देऊन घेणाऱ्यावर हा बोजा तेव्हाच येतो, जेव्हा त्याची रजिस्टरमध्ये आधी नोंद झालेली असते. इंग्लंडात घर घेताना वकील ‘चॅन्सल सर्च’चे (चॅन्सल म्हणजे वेदीचा भाग) थोडे पैसे मागतो, तो याचसाठी. आपल्या अनेकांनी ते भरलेत, कशाचे ते न विचारता.

१८. एवढी जुनी इमारत, मग साधा दिवा लावायलाही परवानगी लागते का? कोणाची?

इफ्लीचं चर्च ग्रेड वन आहे, म्हणजे संरक्षित इमारतींतला सर्वात वरचा दर्जा. तरीही आतल्या बदलांसाठी चर्च ऑफ इंग्लंडला नगरपालिकेची वारसा-परवानगी लागत नाही. त्यांची स्वतःची व्यवस्था आहे. प्रत्येक धर्मप्रांताचा, म्हणजे एका बिशपच्या हद्दीचा, चॅन्सलर म्हणून एक कायदेतज्ज्ञ न्यायाधीश असतो, त्याची लेखी परवानगी, म्हणजे ‘फॅकल्टी’, घ्यायची. त्याला सल्ला द्यायला वास्तुविशारद, पुरातत्त्वज्ञ, घंटा आणि ऑर्गन जाणणारे अशांची समिती असते. हरकती आल्या तर रीतसर सुनावणी होते.

बारीकसारीक देखभालीला ही परवानगी लागत नाही, आणि मधल्या कामांना आर्चडीकनची चिठ्ठी पुरते. बाहेरून नवं काही बांधायचं तर मात्र नगरपालिकेकडे जावंच लागतं. शिवाय दर पाच वर्षांनी वास्तुविशारदाने सगळी इमारत तपासायची, हा १९५५ पासूनचा नियम. माझ्या मते चर्च टिकण्यात या कंटाळवाण्या अहवालांचा वाटा मोठा आहे.

१९. छतात वटवाघळं असतील तर?

तर काम थांबतं. वटवाघळांच्या सगळ्या ब्रिटिश जाती कायद्याने संरक्षित आहेत, त्यांची बसायची जागा बुजवणं गुन्हा आहे. त्यांच्या मुताने पितळ आणि चित्रं खराब होतात, तरीही आधी तज्ज्ञांची पाहणी, लागला तर परवाना, आणि पिल्लांचा मोसम टाळून काम. छपराचं वेळापत्रक पाथरवट ठरवतो की वटवाघूळ, हा इथला जुना विनोद.

२०. फरशीखाली हाडं निघाली तर काय करतात?

निघतातच. चर्चच्या आत आणि आवारात शतकानुशतकं दफन झालंय. गरम पाण्याचा पाइप टाकायला खणलं तरी पुरातत्त्वज्ञ हजर लागतो. सापळे शक्यतो जागचे हलवत नाहीत. हलवावे लागले तर नोंद करून, प्रार्थना म्हणून, पुन्हा पवित्र भूमीतच पुरतात. सांगाडा दिसला म्हणून फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकू नये, ही विनंती.

२१. नॉर्मन चर्चवर अश्लील शिल्पं असतात म्हणे. इफ्लीत दिसली नाहीत. आपल्या देवळांवरच्या मैथुनशिल्पांशी त्यांचा काही संबंध?

तुमच्या मनात असलेलं चर्च हेरफर्डशायरमधलं किलपेक असणार. साधारण ११४० चं, तांबड्या वालुकाश्माचं. तिथे छपराखालच्या दगडी ठोकळ्यांवर ऐंशीहून जास्त आकृत्या उरल्या आहेत, त्यात शिला-ना-गिग नावाची, आपली योनी दोन्ही हातांनी उघडून दाखवणारी बाई आहे. शेजारीच एक गोड कुत्रा आणि ससा, इतके साळसूद की काल कोरल्यासारखे. कामवासनेचा धिक्कार, दृष्ट काढणं, सुफलन असे अर्थ लावतात. भारतीय मंदिरशिल्पांशी संबंधाचा पुरावा नाही. साम्य एवढंच की दोन्हीकडे नंतरच्या पिढ्यांना आपल्या पूर्वजांची लाज वाटली.

२२. आम्ही ख्रिस्ती नाही. आत गेलं तर चालतं का? चपला काढायच्या?

चालतं, आणि कोणी धर्म विचारत नाही. चपला काढायच्या नाहीत, फरशी फार गार असते. पुरुषांनी टोपी काढावी. प्रार्थना चालू असेल तर मागे बसावं किंवा बाहेर थांबावं. लग्न असेल तर मात्र परत या. दाराजवळच्या दानपेटीत काही टाकलंत तर ते प्रश्न १५ मधल्या पन्हळीलाच लागेल.

२३. आवारातलं ते पोकळ झाड चर्चपेक्षा जुनं आहे का?

ते यू नावाचं सदाहरित झाड आहे, आणि जुनं असण्याची शक्यता आहे. पण यूचं खोड म्हातारपणी आतून कुजून पोकळ होतं, त्यामुळे मोजायला मधली वलयंच उरत नाहीत. घेरावरून अंदाज करतात, आणि प्रत्येकाचा वेगळा येतो. मुलं पोकळीत शिरून बसतात. फळांचा लाल गर सोडला तर यूचं सगळंच विषारी, बीसुद्धा. तेव्हा तोंडात काही जाऊ देऊ नका.